पाचवी ते सातवीच्या मुलांना ऑनलाइन मराठी वाचन-लेखन कसे शिकवावे

एका तासिकेला सहाच मुले घ्या, वेळ ३५ मिनिटे. सामूहिक वाचन टाळा. नेटवर आवाज मागेपुढे पोहोचतो आणि कोण अडखळले ते कळत नाही. ८०-१०० शब्दांचा उतारा आदल्या दिवशी पाठवा. प्रत्येकाने तीन वाक्ये वाचावीत, मग पुस्तक मिटून आशय सांगावा. नुसते खडाखडा वाचणे म्हणजे समजणे नव्हे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात खरी मेहनत ऱ्हस्व-दीर्घावर लागते. खानापूर, निपाणीकडची मुले शाळेत कन्नडही लिहितात. कन्नडात ‘निप्पाणि’, ‘हुब्बळ्ळि’ असा शेवट ऱ्हस्व. मराठीत निपाणी, हुबळी. त्यामुळे ‘पाणि’, ‘भाकरि’ अशा चुका होतात. लाल रेघ मारून भागत नाही. गावांच्या पाट्यांचे फोटो दाखवा, दोन्ही लिप्या शेजारी ठेवा, फरक मुलांनाच शोधू द्या. मराठीत शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ. ‘आणि’ हा अपवाद लगेच सांगा.

लेखन वहीतच, पाच ओळी. मोबाइलचा कीबोर्ड शब्द आपोआप सुधारतो, चूक लपते. लिहायला निळे पेन, आणि वहीचा फोटो उजेडात, बरोबर वरून काढून मागवा. पेन्सिल पुसट दिसते. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा, तेच वाक्य पुन्हा लिहून घ्या.