बटण हाडावर बसलंय का?

एसीएल रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट नव्यानं बनवण्याच्या ऑपरेशनमध्ये, सुरुवातीच्या काळात ग्राफ्ट (त्याच्या जागी बसवलेला स्नायुबंध) सहसा तुटत नाही, त्याला धरून ठेवणारी पकड सुटते. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा स्नायुबंध चौपदरी करून बसवला, तर तो टनेलच्या (हाडात पाडलेल्या बोगद्याच्या) भिंतीशी जुळून यायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर सगळी मदार बटण आणि स्क्रूवर: बटण मांडीच्या हाडाबाहेर आडवं बसून लूपनं, म्हणजे धाग्याच्या फासानं, ग्राफ्ट टांगून धरतं, आणि स्क्रू खाली नडगीच्या हाडात तो पकडतो. कुरोसाका आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच पकडीचा हा कमकुवतपणा मोजून दाखवलं होतं. मला ते तोंडपाठ होतं, तरीही मी चुकलो.

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी ऑर्थोपेडिक्सच्या रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पेशंट लालबागचा, कबड्डी खेळणारा, २२ वर्षांचा. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) बाजूला अ‍ॅडजस्टेबल लूपचं, म्हणजे आवळता येणाऱ्या फासाचं, बटण. सर स्कोपवर (गुडघ्यातल्या दुर्बिणीवर), बटण ओढायचा धागा माझ्या हातात. 'खट्' झालं, मी खालून ग्राफ्ट ओढून पाहिला, घट्ट लागला. "बसलं सर," मी म्हणालो. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, शेजारच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) होता, तो आणायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये बटण हाडापासून चांगलं सेंटीमीटरभर लांब, मांडीच्या स्नायूत अडकलेलं.

इथेच नवे लोक फसतात, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. हाताला लागणारा घट्टपणा खोटा असू शकतो. बटण व्हास्टस लॅटरॅलिसमध्ये (मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत) आडवं झालं तरी ग्राफ्ट तसाच ताठ लागतो. पुढे मधला स्नायू दबतो, झिजतो आणि ग्राफ्ट सैल पडतो. म्हणून मोजून खुणा करा. समजा टनेल ३८ मिमी आहे. बटण १२ मिमी लांब आणि लूप त्याच्या मधोमध, म्हणजे आडवं व्हायला बटणाचा अर्धा भाग हाडाबाहेर यायला हवा. थोडी सूट धरून ७ मिमी घ्या. बटणापासून लूपवर पहिली खूण ३८ वर, दुसरी ४५ वर. दुसरी खूण टनेलच्या गुडघ्यातल्या तोंडाशी आली की ओढणं थांबवा, एक मिलिमीटरही पुढे नको. बटण फिरवा आणि खालून ग्राफ्ट मागे खेचा. ३८ ची खूण परत तोंडाशी आली तर बटण हाडावर आहे. ती आतच अडकून राहिली तर हाड आणि बटणाच्या मध्ये काहीतरी आहे. मग हात कितीही 'घट्ट' म्हणो, ऐकू नका. लूप त्यानंतरच आवळायचा, आणि टेबलावरच सी-आर्म घ्यायचा.

वर्कशॉपमध्ये हे कळत नाही. प्लास्टिकच्या हाडाला स्नायू नसतात, तिथे बटण दरवेळी नीटच बसतं. कंपनीचा माणूस इम्प्लांटची माहिती उत्तम देतो, पण बटण बसलं की नाही हे त्याच्याकडून ऐकून पुढे जाऊ नका. केस सुरू होण्याआधी फळ्यावर टनेलचं गणित मांडायला लावणारे शिक्षक मिळाले तर त्यांचं युनिट सोडू नका, मग ते कितीही ओरडोत.

टिबियाची (नडगीच्या हाडाची) बाजू थोडक्यात. तिथलं हाड मऊ आणि स्क्रू ग्राफ्टच्या ओढीच्याच दिशेत, त्यामुळे घसरण बहुतेक तिथून सुरू होते. स्क्रूआधी ताण धरून गुडघा पंधरा-वीस वेळा पूर्ण वाकवा-सरळ करा. फिक्सेशन, म्हणजे स्क्रू बसवणं, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून. हाड भुसभुशीत वाटलं तर ग्राफ्टचे धागे पोस्ट स्क्रूला (हाडात वेगळ्या बसवलेल्या स्क्रूला) बांधून टाका, त्यात कमीपणा नाही. अ‍ॅडजस्टेबल लूप असेल तर त्यानंतर तो पुन्हा एकदा आवळा.

आणि घाबरू नका. लगेच लक्षात आलं तर ही चूक निस्तरता येते. लपवलीत तर पेशंटचा गुडघा जातो. एक्स-रे हातात घेऊन मी सरांकडे गेलो तेव्हा पाय लटपटत होते. ते एवढंच म्हणाले, "आजच परत घेऊ." मुलाच्या आईशी मी बोललो. "पुन्हा भूल देणार का हो डॉक्टर?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा काय झालंय ते न लपवता सांगितलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लहानसा छेद घेऊन बटण मोकळं केलं आणि हाडावर टेकवलं. त्या दिवशी सी-आर्म शेजारच्या ओटीतून मीच ढकलत आणला होता.