घसा म्हणजे नक्की कुठे? ओपीडीत सांगायचे आणि रिपोर्टात वाचायचे शब्द

पालिका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीत केसपेपर काढून रांगेत अख्खी सकाळ जाते आणि डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटं मिळतात. तिथे ‘बाबांना घशाचा त्रास आहे’ एवढंच सांगितलं, तर ती मिनिटं उलटतपासणीतच संपतात. ‘घसा’ या शब्दात आपण पडजिभेपासून श्वासनलिकेपर्यंत सगळं कोंबतो. क्रियापदं मात्र मराठीत चोख आहेत. घसा खवखवतो, आवाज बसतो, घास अडकतो, ठसका लागतो: चार क्रियापदं, चार वेगळ्या तक्रारी. म्हणून सुरुवात क्रियापदापासून करा.

आधी बाहेरून जागा ओळखून घ्या. हनुवटीखालून बोट मधोमध खाली आणा. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा लागतो तो कंठमणी, म्हणजे थायरॉइड कूर्चेचं (कूर्चा म्हणजे लवचीक, मऊसर हाड) पुढचं टोक. बायकांमध्ये ते बाहेर दिसत नाही, पण हाताला लागतं. त्याखाली छोटासा मऊ खळगा आणि लगेच एक कडक कडं, ते क्रिकॉइड. स्वरयंत्र एवढ्याच पट्ट्यात बसलेलं असतं. कड्याखाली श्वासनलिका सुरू होते. आता बोट कंठमण्यावर ठेवून ‘मऽऽऽ’ म्हणा, मग ‘सऽऽऽ’. ‘म’ला बोटाखाली थरथर जाणवेल, ‘स’ला नाही. ती थरथर स्वरतंतूंची.

थायरॉइड कूर्चा आणि थायरॉइड ग्रंथी या दोन वेगळ्या गोष्टी. ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. ती सुजली की गलगंड. गालगुंड म्हणजे गालाच्या मागच्या लाळग्रंथीची सूज आणि घटसर्प म्हणजे डिप्थीरिया. हे तीन शब्द केसपेपरवर एकमेकांच्या जागी गेले, तर चौकशीची दिशाच बदलते.

आतली रचना थोडक्यात. आ केल्यावर मधे लोंबते ती पडजीभ, तिच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल, मागची भिंत ती ग्रसनी. खाली दोन वाटा फुटतात: पुढे स्वरयंत्रातून श्वासनलिका, मागे अन्ननलिका. हवेच्या वाटेवर एपिग्लॉटिस नावाचं झाकण असतं. अनेक जण यालाच पडजीभ समजतात, ते चूक. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि झाकण मागे कलतं. यात गडबड झाली की ठसका. म्हणून ‘पाणी पिताना ठसका लागतो’ आणि ‘पोळीचा घास छातीशी अडकतो’ ही दोन वाक्यं वेगवेगळी सांगा. पहिल्यात संशय हवेच्या वाटेच्या राखणीवर जातो, दुसऱ्यात अन्ननलिकेवर.

‘स्वरतंतू’ या शब्दाने सतारीच्या तारा डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात त्या अस्तराच्या दोन घड्या आहेत, पुरुषांत साधारण २० मिलिमीटर लांब, स्त्रियांत १५. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने त्या सेकंदाला शंभर-दोनशे वेळा उघडझाप करतात. वयात येताना मुलाला कंठ फुटतो तो या घड्या लांब आणि जाड होतात म्हणून.

आणखी एक भेद डॉक्टरांना फार उपयोगी पडतो: बदल आवाजात आहे की उच्चारात? आवाज घोगरा, चिरका, हवा निसटल्यासारखा झाला असेल तर शोध स्वरयंत्रात. तोंडात घास धरून बोलल्यासारखं वाटत असेल तर वर, टॉन्सिलच्या आसपास. तिथे पू साचला की असं होतं. शाळेत आपण क, ख, ग, घ ‘कंठ्य’ म्हणून घोकलेले असतात, पण ते जिभेची मागची बाजू मऊ टाळूला टेकून होतात. स्वरयंत्र त्याच्या बरंच खाली.

तपासणीत जीभ गॉजमध्ये धरून ‘ईऽऽ’ म्हणायला लावतात, कारण ‘ई’ला मागची जागा मोकळी होऊन स्वरतंतू दिसतात. आरशाने हे प्रथम नीट पाहिलं ते मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, १८५४ साली, स्वतःच्याच गळ्यात. आता दुर्बीण असते. घसा बधिर करणारा स्प्रे मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत चहासुद्धा नको. गिळण्याचं भान नसतं, ठसका लागतो.

रिपोर्टात ‘बायलॅटरल कॉर्ड्स मोबाइल’ असेल तर दोन्ही स्वरतंतू हलतात, चांगली गोष्ट. ‘नोड्यूल’ला घरी गाठ म्हणू नका. तो घट्टा आहे, हाताला पडतो तसा, बहुधा दोन्ही बाजूंना समोरासमोर. शिक्षक, फेरीवाले, गायक यांना आवाज ताणून होतो. ‘पॉलिप’ बहुधा एका बाजूला आलेला मऊ फुगवटा. ‘ग्रोथ’ मात्र तुकडा तपासल्याशिवाय काय आहे ते ठरत नाही, म्हणून बायॉप्सी. ‘लेफ्ट कॉर्ड पाल्सी’ म्हणजे डावा स्वरतंतू हलत नाही. ‘लकवा’ म्हटलं की घरचे हातपाय चाचपू लागतात, तेव्हा तो शब्द टाळा. मग छातीचा सीटी स्कॅन कशाला, हा प्रश्न हमखास येतो. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरते, महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. वाटेत कुठेही दाब आला तरी आवाज जातो.

शेवटचे अक्षरगट ओळखा. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘स्कोपी’ म्हणजे आत पाहणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे छिद्र करणं, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं. ट्रॅकिऑस्टमीत गळ्याला छिद्र करून नळी बसवतात, स्वरयंत्र जागेवर राहतं. टोटल लॅरिंजेक्टमीत अख्खं स्वरयंत्र काढतात आणि माणूस कायमचा गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो. त्याला नाकातोंडावर ऑक्सिजन लावून उपयोग नाही, गळ्यावरच लावावा लागतो. ही ओळ त्याच्या पाकिटात लिहून ठेवा.

आवाज बसून तीन आठवडे झाले की घरगुती काढे पुरेत. तंबाखू-विडी असेल तर तेवढंही थांबू नये. श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, लाळ गिळता येत नाही, असं असेल तर ओपीडी नाही, थेट कॅज्युअल्टी.

डॉक्टरांनी स्पीच थेरपी लिहिली, तर ‘तोतरे बोलत नाहीत हो आमचे बाबा’ म्हणून चिठ्ठी खिशात घालू नका. आवाजाचे व्यायामही तिथेच शिकवतात. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत हे विभाग आहेत. कुजबुजण्याला आवाजाची विश्रांती समजू नका. त्यात अनेकांचं स्वरयंत्र उलट ताणलं जातं. जाताना रिपोर्ट न्या आणि मोबाइलवर दोन रेकॉर्डिंगं: वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद, एकदा सकाळी उठल्यावर वाचलेला, एकदा रात्री.