मालवणच्या घरासाठी सर्व्हर बोर्ड निवडताना

प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) काही व्हीएम, म्हणजे असे आभासी संगणक, चालवायच्या होत्या. मशीन मालवणच्या घरी, मी आठवडाभर रत्नागिरीत. पावसात लाइट गेली-आली की जुनं डेस्कटॉप बोर्ड बूट होताना अडकायचं, आणि स्क्रीन बघायला घरी आई एकटीच. म्हणून पहिली अट आयपीएमआय, म्हणजे बोर्डावरचीच दुरून नियंत्रणाची सोय: मशीन बंद असलं तरी दुरून चालू करता येतं, बायोससुद्धा (बूट होण्याआधीचा सेटिंगचा स्क्रीन) दिसतो.

खरा घोळ रॅमचा. सर्व्हरमधून उतरवलेली रजिस्टर्ड (सिग्नल सांभाळणारी वेगळी चिप असलेली) डीडीआर४ रॅम स्वस्तात मिळते, पण इंटेलच्या झिऑन ई३ प्रोसेसरच्या बोर्डांवर ती चालत नाही. तिथे अनबफर्डच (तशी चिप नसलेली) लागते, तीही कमाल ६४ जीबी. आणि व्हीएम वाढल्या की प्रोसेसरच्या आधी रॅमच संपते, निदान माझ्याकडे तरी. शेवटी सुपरमायक्रोचं झिऑन डी-१५४१ वालं मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचं) बोर्ड घेतलं: ८ कोअर, ४५ वॅटचा प्रोसेसर, रजिस्टर्ड रॅम १२८ जीबीपर्यंत. प्रोसेसर सोल्डर केलेला, पुढे बदलता येणार नाही, चालेल.

बायोसमध्ये व्हीटी-डी (व्हीएमला हार्डवेअर थेट देण्याची सोय) आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू केली. खाऱ्या हवेमुळे मशीन आतल्या खोलीत ठेवलंय. आयपीएमआय मात्र थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. मी राउटरवरच्या व्हीपीएनमधूनच जातो.