जुन्या दगडी होस्टेलात नंबर लागलाय? मग बॅग भरायच्या आधी हे वाचा

पुण्यात कॉलेजच्या जुन्या होस्टेलला नंबर लागला की पोरं लगेच इस्त्री, केटल असलं काय काय भरायला घेतात. थांबा जरा. मी असल्याच एका शंभरी ओलांडलेल्या दगडी बिल्डिंगमध्ये ३ वर्षं काढलीयेत, तिथं लागतं ते वेगळंच.

आधी एक दणकट कुलूप घ्या. दाराला लॅच-बिच नसतं, कडी-कोयंडा असतो, आणि चावी दोघांकडे पाहिजे नाहीतर रूममेट टेकडीवर आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात, हे झालंय माझं. मग लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, कारण वायरिंग नंतर कधीतरी ओढलेलं, पॉइंट एकच आणि तोही दाराशी. खिळे आणू नका, दगडात जात नाहीत, वाकतात, सरळ खिडकीच्या गजाला दोरी बांधायची. लोखंडी खाट मिळाली की पहिल्याच दिवशी गादीसकट उन्हात टाका, ढेकूण आहेत का नाहीत हे विचारत बसू नका.

खरी मजा जुलैत. लाकडी दार फुगतं आणि लागतच नाही, खांदा मारून लावलं तर सकाळी उघडत नाही. मेणबत्तीचा तुकडा घ्या, दाराच्या कडेला जिथला रंग उडालाय तिथंच ते चौकटीला घासतंय असं समजा आणि तेवढ्याच भागावर खालून वर दाबून घासा, दोन-तीनदा दार उघडझाप करा, परत घासा. रंधा मारायचा शहाणपणा करू नका, उन्हाळ्यात लाकूड आटलं की बोटभर फट पडते.

मेस रविवारी संध्याकाळी बंद, म्हणून दुपारच्या फीस्टला दाबून जेवायचं. बाकी जेवणाबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आणि फर्ग्युसनला असाल तर एक नंबर होस्टेलची १७ नंबरची खोली माहिती असू द्या, लोक विचारतात. सावरकर १९०२ ला कॉलेजात आले, तेव्हाची त्यांची खोली. १९०५ मध्ये परदेशी कपड्यांची होळी केली म्हणून त्यांना होस्टेलमधून काढलं, वर १० रुपये दंड. २८ मेला जयंतीला ती खोली बघायला लोक येतात, तेव्हा सुट्टीत तिथंच थांबलेले असाल तर सकाळी उठल्या उठल्या दोरीवरच्या बनियनी आत घ्या.