तळहातावर अक्षर लिहून बोलावे

उतारवयात डोळे आणि कान दोन्ही गेले, की घरचे त्या माणसाला हाताला धरून नुसते इकडून तिकडे नेऊ लागतात आणि बोलणे बंद पडते. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, जुनी सातवी शिकलेले असल्यामुळे आम्ही त्यांच्याशी तळहातावर लिहून बोलतो.

१. आधी खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबावे व आपली ठरलेली खूण द्यावी. मी त्यांची बोटे माझ्या बांगड्यांवर ठेवते.

२. तळहात उघडा धरून तर्जनीने एका वेळी एकच मोठे अक्षर, प्रत्येक वेळी त्याच जागी लिहावे. वरची रेघ गाळली की अक्षर लवकर कळते. मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा घोटाळा होतो, तेव्हा शब्दच बदलावा. जोडाक्षरे टाळून ‘डॉक्टर’ऐवजी ‘दवा’ लिहिले तरी त्यांना सगळे समजते.

३. शब्द संपला की तळहात एकदा पुसावा. कळल्यावर मामाजी आमचे बोट दाबतात.

जन्मभर वखर-डवरे धरून तळहात राठ झाला असेल, तर मनगटाच्या आतल्या मऊ बाजूस लिहावे.

मागून येऊन हात कधीही ओढू नये, आणि उठून जाताना ‘येते’ एवढे तरी लिहूनच जावे. नाहीतर ते रिकाम्या ओसरीशी कितीतरी वेळ बोलत राहतात.