गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी आणि वरचे खर्च कसे हाताळावेत

गाडी पसंत पडते, रंग ठरतो, किंमत जमते. मग शेवटच्या टेबलावर कागदांची चळत समोर येते. जिथे सही हवी तिथे आधीच पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. त्याच चळतीत एक्स्टेंडेड वॉरंटी (मूळ वॉरंटी संपल्यावर पुढे चालणारी, जादा पैसे भरून घ्यायची वॉरंटी), कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर), अॅक्सेसरीज यांच्याही ओळी असतात, आणि तोवर आपण मनाने गाडीत बसलेलो असतो. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी फुली दिसेल तिथे सही करत गेलो. पुढे एसीचा कॉम्प्रेसर गेला, तेव्हा एक सर्व्हिसिंग दोन महिने उशिरा झाली म्हणून क्लेम नाकारला. ती अट मी सही केलेल्या कागदावरच होती.

म्हणून सुरुवात घरून करा. डिलिव्हरीच्या बऱ्याच आधी, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत दाखवणारं कोटेशन मागवा. कर, नोंदणी आणि सक्तीचा विमा टळत नाही. बाकीच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "ही काढली तर किती कमी होतील?"

उत्तर हप्त्यात घेऊ नका. "हप्त्यात थोडासाच फरक पडेल" असं सांगतात, पण ती रक्कम कर्जात गेली की तिच्यावरही व्याज चढतं. १० टक्के दराने ५ वर्षांत १०० चे साधारण १२७ भरावे लागतात. काही घ्यायचंच असेल तर रोख द्या.

आता वॉरंटी. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मूळ करारपत्र मागा. त्यात काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही ते पान आधी वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर हे झिजणारे भाग बहुधा वगळलेलेच असतात, आणि गाडीवरचा नेहमीचा खर्च तर त्यांचाच असतो. करार गाडी बनवणाऱ्या कंपनीचा आहे की तिसऱ्याच कुणाचा, दुरुस्ती कुठल्या वर्कशॉपमध्ये करावी लागेल, प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून किती जाणार आणि गाडी विकली तर वॉरंटी नव्या मालकाला मिळते का, हेही विचारून घ्या.

मुदतीचा हिशेब मात्र कागद-पेन घेऊनच करा. समजा मूळ वॉरंटी धरून ती एकूण ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी आहे. वर्षाला ३०,००० किलोमीटर गाडी चालत असेल तर ती ३ वर्षं ४ महिन्यांतच संपेल. त्यातून मूळ वॉरंटीचा काळ वजा करा, कारण पैसे उरलेल्या काळासाठीच मोजायचे आहेत. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने ती घेऊ नये, असं माझं मत आहे. भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी दीर्घकाळ ठेवणार असाल तर कंपनीची वॉरंटी जरूर विचारात घ्या. पुष्कळ कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही देतात, त्यामुळे त्याच दिवशी ठरवायची सक्ती नसते. नंतर दर वाढतो का, एवढं विचारा.

कोटिंगचं काम बाहेरही होतं, तेव्हा दर ताडून पाहा. टायरमधल्या नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो. सीट कव्हर घेताना थांबा: सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर चुकीचं कव्हर ती उघडताना आड येतं. आणि वायरिंग कापून बसवलेला दिवा किंवा म्युझिक सिस्टीम इलेक्ट्रिकल वॉरंटीवर पाणी फिरवू शकते.

सहीच्या दिवशी जुनं कोटेशन सोबत न्या आणि बिलाशी ओळीला ओळ ताडा. न मागितलेली ओळ दिसली की पेन खाली ठेवा आणि बिल नव्याने छापून घ्या. वॉरंटी घेतलीच असेल तर चॅसिस नंबर, सुरू होण्याची तारीख आणि रद्द करण्याची मुदत प्रमाणपत्रावर तिथेच तपासा, आणि पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख घरी पोचण्याआधी मोबाइलमध्ये टाका.