रेंज धड नसलेल्या वस्तीवर आवाजी पाठ कसा चालवायचा

वस्तीशाळेत झूमचा तास टिकत नाही, हे २०२०च्या टाळेबंदीत, करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असताना, पुरतं दिसून आलं. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून आधी घरोघर विचारून याद्या करा: फोन साधा की स्मार्ट, संध्याकाळी किती वाजता घरी येतो, रिचार्ज कधी संपतो.

स्मार्टफोनवाल्या घरांना व्हिडिओ नको, व्हॉट्सॲपवर आवाज पाठवा. रेंज एक-दोन काड्यांची असली तरी तो उतरतो. पाठ तीन-चार मिनिटांचा, त्यात एकच मुद्दा. समोर फळा नसल्यामुळे काय कुठे लिहायचं तेही बोलावं लागतं: "सत्तेचाळीस, म्हणजे चार-सात. त्याखाली अडतीस, तीन-आठ. सात आणि आठ पंधरा. पाच एककाखाली लिहा, हातचा एक चाराच्या डोक्यावर." संख्या अशी फोडून सांगितली नाही तर ऐकताना एकोणसाठचे एकोणसत्तर होतात. प्रत्येक सूचनेनंतर पाच सेकंद आणि प्रश्नानंतर दहा सेकंद गप्प राहा. सलग बोललात तर मुलं ऐकतात, पण लिहीत नाहीत.

स्मार्टफोन नसलेल्या घरांसाठी भोंगा. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळला त्या वर्षी असेच पाठ ऐकवले गेले. ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. यूएसबीचा ॲम्प्लिफायर आणि लोडशेडिंगसाठी १२ व्होल्टची बॅटरी हवी. इथे हमखास अडतं ते असं: व्हॉट्सॲपचा आवाज ओपस प्रकारात साठतो आणि साधा ॲम्प्लिफायर तो वाजवत नाही. पाठ रेकॉर्डर ॲपवर एमपी३मध्येच करा आणि पेनड्राइव्ह फॅट३२ या साठवणीच्या प्रकारात फॉरमॅट करा. मुलांना आपापल्या ओट्यावर बसवा. साथीमुळे शाळा बंद असेल आणि भोंग्याखाली घोळका झाला, तर शाळा बंद ठेवून काय मिळवलं?

मूल शिकलं की नाही, ते मात्र वहीच सांगते. संध्याकाळी दिव्याखाली काढलेले फोटो धूसर येतात, त्यावरून तपासणं होत नाही. प्रत्येकाला दोन वह्या द्या: एक घरी, एक तपासायला तुमच्याकडे; दर आठवड्याला अदलाबदल. ग्रुपवरच्या अंगठ्यांना हजेरी समजू नका, बरेचदा ते पालकांचे असतात. वही कोरी आली तर मुलाला रागावण्याआधी त्या घरी जाऊन या; रिचार्ज संपलेला असेल, नाहीतर घर ऊसतोडीला गेलेलं असेल.